रुग्णाच्या सांगण्यानुसार

रिस्कुल-एजेंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात एक वेळ स्टेथोस्कोप नसेल, पण लाल पेन्सिल हमखास असायची. डोंगरातल्या त्या तालुक्याच्या इस्पितळात कुणीही काहीही लिहिलं, की ते आधी या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या, सगळ्यांच्या 'एजें'च्या म्हणजे थोरल्या ताईंच्या, नजरेखालून जायचं आणि लाल होऊन परत यायचं. बेगायम राजधानी बिश्केकहून नवी डॉक्टर होऊन आली, तेव्हा तिच्या कागदांवर तिच्या शाईपेक्षा एजेंची पेन्सिलच जास्त दिसायची. त्याला कारणही तसंच होतं. पोरगी हुशार, पण जीभ आणि लेखणी दोन्ही तिखट. एका बाईच्या केसपेपरवर तिने लिहून ठेवलं होतं, 'रुग्ण हट्टी आहे. नवऱ्यावर ओरडते. गोळ्या घेते म्हणते, पण खोटं बोलते.'

"खोटं बोलते हे कशावरून लिहिलंस?" एजेंनी विचारलं.

"गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं भरलेलं होतं."

"मग पाकीट भरलेलं होतं, असं लिही. बाई जे म्हणाली ते बाईच्या नावावर लिही, तुला जे दिसलं ते तुझ्या नावावर. कोण चांगलं नि कोण वाईट, हे लिहायला प्रत्येकाच्या खांद्यावर दोन फरिश्ते बसलेत. त्यांना आपल्या मदतीची गरज नाही."

पुढे कळलं की त्या बाईला गोळी गिळताच येत नव्हती, घशात गाठ होती, आणि सांगायची तिला लाज वाटत होती. बेगायमने तो कागद स्वतःच फाडून नवा लिहिला. तेव्हापासून मात्र ती अशी सुधारली की विचारू नका. 'रुग्णाच्या सांगण्यानुसार' हे दोन शब्द तिला इतके आवडले की ती घरीही ते वापरायला लागली. नवरा उलान ट्रक घेऊन ओशला जायचा आणि उशिरा परतायचा, तेव्हा ती दारातच म्हणायची की चालकाच्या सांगण्यानुसार खिंडीत दरड कोसळली होती, प्रत्यक्ष पाहिलेली नाही. उलान हसायचा आणि बूट काढायचा.

पण ही थट्टा नवऱ्यापुरतीच. इस्पितळात अशी फटकळ असलेली बाई घराचा उंबरठा ओलांडला की निराळीच व्हायची. डोक्याला रुमाल बांधायची, सकाळी सासूसासऱ्यांना वाकून सलाम करायची, चहाचा पेला, पुन्हा पुन्हा भरून द्यायचा मान म्हणून, अर्धाच भरून द्यायची आणि आवाज अगदी खाली आणायची. तिथल्या रिवाजात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाही. सासऱ्यांना ती 'अता' म्हणायची, म्हणजे वडील. त्यांचं नाव होतं तुर्दाकून, आणि लग्न झाल्यापासून ते तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. रिवाज काही घराच्या दारात थांबत नाही. त्याच नावाचा एक मेंढपाळ इस्पितळात भरती झाला, तर ती त्याला 'खिडकीपाशचे काका' म्हणायची आणि कागदावरची नावाची ओळ नर्स गुलझातकडून लिहून घ्यायची. गुलझातही निमूटपणे लिहायची, कारण तिच्या सासऱ्यांच्या नावाचा पेशंट आला की ती ओळ बेगायम लिहून देत असे. एजे डोळे मिटून घ्यायच्या. त्याही कधीकाळी सून होत्याच.

आता हे तुर्दाकून म्हणजे कोण, तर गावच्या शाळेचे जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. तिथल्या डोंगरात विषारी बचनाग उगवतो. म्हातारी माणसं त्याचं मूळ वोडकात मुरवतात आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळतात, आणि चोळून भागेनासं झालं की चोरून चहात थेंब घालून पितात. मास्तरांचा जुना मित्र एसेनकुल, त्याचा थोरला भाऊ असाच गेला. दफनाला सगळं गाव जमलेलं असताना मास्तरांनी भाषण ठोकलं होतं की शाळेत जाऊन, पुस्तकं वाचून, शेवटी वैदूच्या बाटलीने मरायचं, ही लाजेची गोष्ट आहे. एसेनकुलने ते मान खाली घालून ऐकलं होतं. मैत्री तुटली नाही, पण त्या भाषणाचा विषय त्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. रोज सकाळी सासूसासऱ्यांच्या खोलीतल्या रजया घडी करून भिंतीशी रचायचं काम बेगायमचं, आणि त्या रजयांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, तिला एक तपकिरी बाटली सापडली होती. वोडकाचा वास, तळाशी मुळं. तिने ती होती तिथेच ठेवली आणि पुढे एक जाड रजई सारली. सासू बुरुल-आपांना तिने एकदा आडून विचारून पाहिलं. आपा कणीक मळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की देवाने डोळ्यांना पापण्या उगाच दिलेल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

जून महिन्यात शेजारच्या माम्बेतकडे नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ झाला. घोडं कापलं होतं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, किमिझचे, बुधले भरले होते, आणि खोलीच्या मानाच्या जागी, दारासमोरच्या भिंतीशी, म्हातारी मंडळी मांडी घालून बसली होती. तिथे तासन् तास मांडी घालून बसावं लागतं. मधेच पाय पसरणं म्हणजे अपमान, आणि खुर्ची मागणं म्हणजे आपण संपलो असं जाहीर करणं. मास्तरांना मान हवा होता, पण गुडघे तयार नव्हते. निघायच्या आधी ते रजयांच्या मागे गेले आणि नेहमीपेक्षा हात सैल सोडून आले.

दुपारी माम्बेतचीच गाडी त्यांना इस्पितळात घेऊन आली. बेगायम त्या दिवशी कामावर होती. एजे पलीकडच्या खोलीत एका बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. मास्तर ओकत होते, चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ आणि जीभ बधिर झाल्याचं ते चाचरत सांगत होते. नाडी धावायची, अडखळायची, मधेच गप्प व्हायची. मागोमाग एसेनकुल आणि माम्बेत टोप्या हातात धरून आत आले, आणि बुरुल-आपा रडत आल्या.

बधिर ओठ आणि अशी नाडी, बेगायमला क्षणात उमगलं. पण विचारणं तर भाग होतं, आणि सासऱ्यांना तोंडावर विचारायची तिला सवय नव्हती. तिने गुलझातकडे पाहिलं. गुलझातने विचारलं की मास्तर, काही औषध, काही अर्क, काही घेतलंत का?

मास्तरांनी आधी एसेनकुलकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"काही नाही," ते म्हणाले. "मांस खाल्लं. किमिझ प्यालो. बास."

या माणसाने आजवर तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या नजरेत मागणं होतं. बेगायमने डोळे खाली वळवले आणि लिहायला घेतलं. नावाची ओळ नेहमीप्रमाणे गुलझातने भरली. खाली बेगायमने लिहिलं, 'रुग्णाच्या सांगण्यानुसार कोणतेही औषध घेतलेले नाही. मेजवानीत मांस व किमिझ घेतल्यानंतर त्रास सुरू झाला.' वाक्य कसं स्वच्छ होतं. कुणाची निंदा नाही, कुणाची स्तुती नाही, जो बोलला त्याच्या नावावर त्याचं बोलणं. लाल पेन्सिलीला बोट ठेवायला जागा नव्हती.

हृदयाच्या आलेखाची पट्टी तिने फोनवरून बिश्केकच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवली. त्यांचा फोन लगेच आला. त्यांच्या मते हा हृदयविकाराचा झटका दिसत होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याकडे आहे ना, मग द्या. आणि हो, आधी काही औषध वगैरे घेतलं होतं का? बेगायमने आपलं वाक्य वाचून दाखवलं. मग वेळ घालवू नका, ते म्हणाले.

गुलझातने कपाटातून कुपी काढली. झटका नसताना ते इंजेक्शन दिलं तर माणसाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, हे बेगायमला पाठ होतं. पोटातलं विष तर तसंच राहणार होतं. पण माणूस घाबरला की त्याच्यातला वकील जागा होतो. ती मनात म्हणत होती की झटका असेलही, वय झालंय, मोठे डॉक्टर म्हणतायत, आणि मी बाटली पाहिली आहे, त्यांना पिताना कुठे पाहिलंय? इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर सासऱ्यांची जन्मभराची अब्रू एसेनकुलच्या देखत जाणार, आणि गप्प बसावं तर कदाचित सासरेच.

तेवढ्यात एजे आल्या. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, बाळंतीण सुटली होती. त्यांनी पेशंटकडे पाहिलं, नाडी पाहिली, ओठांना बोट लावून काही जाणवतंय का ते विचारलं. मग कागद उचलून वाचला. खिशातून लाल पेन्सिल काढली आणि तशीच परत ठेवली. माम्बेत आणि एसेनकुलला त्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"वाक्य चोख आहे," त्या म्हणाल्या. "रुग्णाच्या सांगण्यानुसार काही घेतलेलं नाही. आणि तुझ्या सांगण्यानुसार?"

बेगायमने पलंगाकडे पाहिलं.

"एजे, मी त्यांची सून आहे."

"माहीत आहे मला. तुझ्या लग्नात जेवलेय मी. मी डॉक्टरला विचारतेय." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "बोलवत नसेल तर लिही, पोरी. पण आत्ता लिही."

बेगायमने पेन उचललं. इतक्या वर्षांची सवय कामी आली. पहिल्या वाक्याला तिने हात लावला नाही, कारण ते खरंच होतं, मास्तर तसं म्हणालेच होते. त्याच्या खाली तिने लिहिलं, 'रुग्णाच्या सुनेच्या सांगण्यानुसार, सून हीच उपचार करणारी डॉक्टर, रुग्णाच्या खोलीत बचनागाच्या मुळाचा वोडकातील अर्क आहे. बाटलीतील पातळी काही महिन्यांपासून कमी होत आहे. रुग्णाला तो घेताना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ओठ व जीभ बधिर.' तिने पुन्हा बिश्केकला फोन लावला. पलीकडचे डॉक्टर घाईत होते, त्यांच्याकडे आणखी दोन गावांच्या पट्ट्या येऊन पडल्या होत्या. कुठल्या पेशंटबद्दल बोलताय, नाव सांगा आधी, ते म्हणाले.

गुलझातने नाव सांगायला तोंड उघडलं. बेगायमने हात वर करून तिला थांबवलं.

"तुर्दाकून," ती म्हणाली.

बुरुल-आपांनी रुमालाचं टोक तोंडावर दाबलं. मास्तरांनी मिटलेले डोळे उघडले. बेगायमने तिकडे पाहिलं नाही. तिने कागदावरचं सगळं ठणठणीत आवाजात वाचलं, सून, बाटली, मुळं, सगळं. ते डॉक्टर म्हणाले की ती कुपी ताबडतोब बाजूला ठेवा. त्यानंतर सूचनांची रांग लागली. पोट धुवा, कोळशाची पूड पाजा, ठोके ताळ्यावर आणणारं औषध सलाईनमधून सोडा, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र पलंगाशी आणून ठेवा. सगळेच कामाला लागले, आणि सून कोण, सासरा कोण, हे लक्षात ठेवायला कुणाला फुरसत उरली नाही.

ऊन डोंगरावरून उतरायला लागलं तेव्हा पडद्यावरची रेघ एकसारखी उमटू लागली. बेगायम ती बघत उभी राहिली. पुन्हा वाकडी होईल, आता होईल, असं तिला वाटत होतं, पण ती झाली नाही. एजेंनी तिला खांद्याला धरून बाहेर काढलं. व्हरांड्यात येऊन ती सरळ फरशीवर बसली आणि हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही करायला लागली. जीव भांड्यात पडला तो असा.

एसेनकुल आणि माम्बेत तिथेच बाकावर होते. वाचले, म्हणून तिने सांगितलं. एसेनकुलने दोन्ही हातांनी चेहरा पुसून देवाचे आभार मानले. माम्बेत मात्र टोपी फिरवत बसला. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, की मुली, आमच्या मांसाने तर नाही ना झालं हे? गावात तसं बोलायला लागलेत.

धोका टळला तरी कागद टळत नाही. मास्तरांना घरी सोडताना एक कागद बरोबर द्यायचा असतो, काय झालं, कशाने झालं, पुढे काय करायचं. आणि त्या गावात कुणी इस्पितळातून परतलं की भेटायला आलेला प्रत्येक जण तो कागद हातात घेऊन वाचतो. लग्नाची पत्रिका वाचावी तसा वाचतो. बुरुल-आपा सुनेजवळ येऊन बसल्या. मांस बाधलं असं लिही, त्यांनी विनवलं. खोटं तरी कुठे आहे, मांस त्यांनी खाल्लंच होतं. बेगायमला माम्बेतची फिरती टोपी आठवली. पाळण्याच्या जेवणात पाहुण्यांना विष घातलं, हा डाग त्या घरावरून तीन पिढ्या पुसला गेला नसता.

लिहिण्याआधी तिने सासऱ्यांचे गुडघे तपासले. इतकी वर्षं एका घरात राहून पहिल्यांदाच. पायजमा वर केला तर दोन्ही सांधे सुजून वाकडे झालेले. कधीपासून दुखतात, तिने गुडघ्यांकडे बघत विचारलं. मास्तरांनी भिंतीकडे बघत उत्तर दिलं. नोकरी सुटायच्या आधीपासून. झोप लागत नाही. अर्क आधी नुसता चोळायचे, मग चहात. त्या दिवशी किती घेतला, तेही त्यांनी सांगितलं.

"कुणाला बोलला नाहीत, अता?"

"कुणाला बोलणार?" मास्तर म्हणाले. "घरात डॉक्टर आहे. पण ती सून आहे."

बेगायमला ते फार लागलं. रोज सकाळी ती या माणसापुढे वाकत होती, डोळ्यांसमोर नेमके हे गुडघे येत होते, आणि अदबीच्या नावाखाली तिने एकदाही विचारलं नव्हतं. बाटलीपुढे रजई सारून मोकळी झाली होती.

कागदाचा पहिला खर्डा तिने रागात लिहिला. त्यात 'जीवशास्त्राचे शिक्षक असूनही' असे शब्द आले. ते वाचून तिने स्वतःच गुलझातकडून लाल पेन्सिल मागवली आणि खोडले. औषधाला नि विषाला कोण काय शिकवत होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. दुसऱ्या खर्ड्यात इतकी अदब भरली की नक्की काय झालं ते तिलाच कळेना. तिसरा लिहून ती एजेंकडे गेली. एजेंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. कागद पांढराच्या पांढरा परत आला. बेगायमने तो घडी करून खिशात ठेवला, आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की नावाची ओळही या वेळी तिनेच भरली होती.

मास्तर घरी आले तसे मित्र भेटायला आले. जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलं, त्यावर तळलेल्या कणकेचे बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. मास्तर सवयीने मानाच्या जागी मांडी घालायला गेले, कळ आली, आणि कसेबसे उशीला टेकून बसले. माम्बेतची नजर सारखी त्या कागदावरच जात होती, पण हात पुढे होत नव्हता. एसेनकुल चहा ढवळत होता, साखर घातलेली नसताना.

मास्तरांनी चष्मा लावला. कागद उचलला. सावकाश, ओळीवर बोट फिरवत, मुलांच्या वह्या तपासताना वाचायचे तसे वाचला. बेगायम दाराशी किटली घेऊन उभी होती. बुरुल-आपा खिडकीबाहेर पाहत होत्या.

मास्तरांनी चष्मा काढला आणि कागद सुनेपुढे धरला.

"वाच, मुली. मोठ्याने. नावापासून वाच."

"अता..."

"इस्पितळात वाचलंस ना? तिथे जगलो मी त्याने. इथे काही मरत नाही."

बेगायमने किटली खाली ठेवली आणि वाचलं.

"तुर्दाकून. गुडघ्यांची जुनी व तीव्र वेदना, त्यावर आजवर उपचार झालेले नाहीत. वेदनेसाठी घरी बचनागाचा अर्क घेतला, त्याने विषबाधा. रुग्णाने ही माहिती आधी दिली नाही, नंतर स्वतः दिली. मेजवानीतील अन्नाशी संबंध नाही. अर्क बंद करावा. वेदनेचे औषध सुरू केले आहे. जमिनीवर मांडी घालून बसू नये, खुर्ची वापरावी."

माम्बेतने असा सुस्कारा टाकला की दस्तरखानाची झालर हलली. बाकी कुणी हललं नाही. सगळे एसेनकुलकडे न बघायचा प्रयत्न करत होते. मास्तरांनी मात्र त्याच्याकडेच पाहिलं.

"तुझ्या भावाच्या दफनाला मी जे बोललो," ते म्हणाले, "ते असं बोलायला हवं होतं. ह्या पोरीने लिहिलंय तसं. त्याचे पाय दुखत होते, आणि आपण कुणी विचारलं नाही."

एसेनकुलने पेला खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याने ते लपवले नाहीत. मग त्याने घसा साफ केला. मुली, तो म्हणाला, त्या कागदात खुर्चीचं लिहिलंयस, ते फक्त ह्याच्यापुरतं आहे, की साधारण आमच्या वयाच्या सगळ्यांनाच चालतं? आणि ते वेदनेचं औषध, ते काही असतं तरी कसलं? म्हणजे, सहज विचारतो.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मास्तर म्हणाले. "कुठे ठेवतोस तू?"

"लाकडाच्या ढिगात," एसेनकुल म्हणाला.

पहिल्यांदा माम्बेत हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं की लाकडाचा ढीग सुनेला सापडतो, आपण तर घोड्याच्या खोगिराखाली ठेवतो. मग खोलीत जो हशा पिकला तो थांबेना. मास्तर हसता हसता छातीला हात लावायला लागले तेव्हा बेगायमने डॉक्टरच्या आवाजात सगळ्यांना गप्प केलं, आणि सगळे गप्प बसलेही. बुरुल-आपा उठल्या आणि स्वयंपाकघरातून दोन खुर्च्या घेऊन आल्या. त्या मानाच्या जागी मांडल्या. तिसरी शेजारून मागवली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर एसेनकुल आणि माम्बेत सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, कोटाचे खिसे फुगलेले. काही औषध घेता का, असं गुलझातने विचारलं तेव्हा दोघांनी आपापली बाटली काढून टेबलावर ठेवली. रिस्कुल-एजे दारातून जाता जाता थांबल्या, बाटल्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुढे गेल्या. व्हरांड्यात त्यांचा हसण्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता.

रजयांच्या मागची बाटली बुरुल-आपांनी अंगणाच्या टोकाला पुरली. वेदनेच्या औषधाने मास्तरांना रात्री झोप येऊ लागली. घरात रिवाज होता तसाच राहिला. बेगायम सकाळी वाकून सलाम करते, आवाज खाली ठेवते, आणि सासऱ्यांचं नाव घरात कधी घेत नाही. एका संध्याकाळी ती चहा ओतत होती आणि मास्तर खुर्चीत बसून खिडकीतून घोडे बघत होते.

"आज डावा गुडघा कमी दुखतोय," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

बेगायमने पेला मानाने अर्धाच भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"आणि उजवा, अता?" तिने विचारलं.